आफ्रिकेत पैसा किती आला ते सोडा, मुरला किती ते बघा

अमुक कंपनी आफ्रिकेत इतके अब्ज डॉलर टाकणार, इतके हजार जॉब देणार, अशी बातमी थोड्याथोड्या दिवसांनी कुठून ना कुठून येतेच आणि लगेच वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात, एक म्हणतो बघा शेवटी खासगी उद्योगच या खंडाला वर काढणार, दुसरा म्हणतो ही लूटच आहे फक्त कपडे बदललेत. दोघांनीही बहुतेक वेळा मथळ्याच्या पुढे काही वाचलेलं नसतं. खरं तर अशी कुठलीही बातमी हातात घेऊन, एक संध्याकाळ खर्ची घालून, तो पैसा त्या देशाच्या कामी येतोय की नुसता तिथून वाहून जातोय हे बऱ्यापैकी तपासता येतं. शेतकरी पाऊस किती पडला यापेक्षा जमिनीत मुरला किती हे बघतो ना, तेच इथे करायचंय. अर्थशास्त्र शिकणारी मुलं, तिकडे नोकरीला किंवा धंद्याला निघालेले लोक, आणि ज्यांना मनापासून हा खंड समजून घ्यायचाय त्यांच्यासाठी ही माझी पद्धत लिहून ठेवतोय.

आधी देश, शहर आणि धंदा लिहून काढा

५४ देश आहेत. मोरोक्कोत मोटारी बनतात, बोट्सवानात हिरे निघतात, आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, नायजेरियात तेल आहे, केनियात मोबाइलवरून पैसे फिरतात. या प्रत्येक ठिकाणी खासगी कंपनीचं काम वेगळं, सरकारशी नातं वेगळं, फायदा कोणाला होतो ते वेगळं. म्हणून बातमीत नुसतं आफ्रिका असं लिहिलं असेल तर पहिलं काम म्हणजे देश कोणता, गाव कोणतं आणि नेमका धंदा काय हे शोधून कागदावर लिहिणं. एवढं केलं की अर्ध्या बातम्या तिथेच पोकळ निघतात, कारण त्यात ठरलेलं असं काहीच नसतं.

मग खासगी म्हणजे कोण हेही बघा. आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक सांगते की नोंदणीकृत आणि बिननोंदणीची दोन्ही धरली तर या खंडातला सुमारे ९० टक्के रोजगार खासगी क्षेत्रातला आहे. आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे एकूण रोजगारातला जवळपास ८५ टक्के असंघटित आहे. म्हणजे तिथला खरा खासगी उद्योजक कोण, तर बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी चालवणारा पोरगा, बाजारात सुकी मासळी विकणारी बाई, एका शिलाई मशीनवर घर चालवणारा टेलर. मोठी कंपनी आली तर या लोकांचं काय होतं, त्यांना गिऱ्हाईक मिळतं, स्वस्त वीज मिळते, कर्ज मिळतं, का त्यांचं दुकानच उठतं, हा प्रश्न डोक्यात ठेवूनच पुढे वाचायचं. मला स्वतःला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि बातम्यांमध्ये तो जवळपास कधीच नसतो.

गुंतवणुकीचा आकडा कसा वाचायचा

आकड्याआधी क्रियापद बघा. "करार झाला", "सामंजस्य करार झाला", "इच्छा व्यक्त केली", "कर्ज मंजूर झालं", "काम सुरू झालं", "उत्पादन सुरू झालं" या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरचे किती तरी प्रकल्प पुढे दिसतच नाहीत. जे दिसतात त्यांनाही वेळ लागतो. नायजेरियात लागोसजवळ लेक्कीची, तिथले उद्योगपती अलिको डांगोटे यांची तेल रिफायनरी घ्या, दिवसाला साडेसहा लाख बॅरल क्षमता. २०१३ मध्ये घोषणा झाली तेव्हा खर्च ९ अब्ज डॉलरच्या आसपास सांगितला होता, शेवटी तो २० अब्जांच्या घरात गेला. उद्घाटन मे २०२३ मध्ये झालं, डिझेल २०२४ च्या सुरुवातीला आणि पेट्रोल सप्टेंबर २०२४ मध्ये बाहेर पडलं. तरीही ही घटना मोठीच आहे, कारण नायजेरिया कच्चं तेल विकायचा आणि पेट्रोल मात्र बाहेरून विकत आणायचा, हे अनेक वर्षं चाललेलं होतं, सरकारी रिफायनऱ्या असून नसल्यासारख्या झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट, आकडा डॉलरमध्ये आहे पण कमाई कशात आहे ते बघा. नायजेरियाने जून २०२३ मध्ये आपलं चलन नायरा मोकळं सोडलं तेव्हा डॉलरला साधारण ४६०-४७० चा भाव होता, २०२४ मध्ये तो १५०० च्या आसपास गेला. एमटीएन नायजेरिया या मोबाइल कंपनीचे ग्राहक होते, धंदा वाढत होता, तरी २०२३ ला कंपनी तोट्यात गेली कारण देणी परकीय चलनात आणि वसुली नायरामध्ये. त्याच वर्षी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने तिथून काढता पाय घेतला. तेव्हा कंपनी देश सोडून गेली अशी बातमी आली की लगेच "तिथे धंदा होतच नाही" असं म्हणायच्या आधी त्या वर्षीचा विनिमय दर बघा, निम्मं उत्तर तिथेच असतं.

कंपनी तिथल्या कोणाकडून काय विकत घेते

माझ्या मते खरी परीक्षा इथे होते, त्यामुळे जरा निवांत वाचा.

कारखान्यात थेट किती लोक कामाला लागले हा आकडा सगळे छापतात. पण आधुनिक कारखान्यात माणसं कमीच लागतात. खरा पसारा असतो तो सप्लायरचा, म्हणजे त्या कारखान्याला सुटे भाग, पॅकिंग, दुरुस्ती, वाहतूक, जेवण पुरवणाऱ्या लहान-मध्यम धंद्यांचा. म्हणून कंपनीच्या वार्षिक अहवालात किंवा तिथल्या पेपरमध्ये "स्थानिक खरेदी" शोधा आणि मिळाली की लगेच पुढचा प्रश्न विचारा, स्थानिक खरेदी म्हणजे नेमकं काय? वॉचमन, झाडलोट आणि कँटीन एवढंच असेल तर पैसा तिथे फिरतो खरा, पण हाताला नवीन काम फारसं लागत नाही. वायरिंग, सीट, प्लास्टिकचे साचे, मशीनची दुरुस्ती असेल तर तिथे माणसं शिकतात, आणि शिकलेली माणसं उद्या दुसरीकडे जाऊन स्वतःचं वर्कशॉप टाकू शकतात.

दोन उदाहरणं शेजारी ठेवा. मोझांबिकमध्ये मापुतोजवळ २००० साली मोझाल हा अ‍ॅल्युमिनियमचा प्रचंड मोठा कारखाना सुरू झाला. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात इतकी मोठी खासगी गुंतवणूक आली याचं तेव्हा फार कौतुक झालं आणि ते रास्तही होतं, निर्यातीचा आकडा एकदम उडी मारून वर गेला. पण कच्चा माल, म्हणजे अ‍ॅल्युमिना, जहाजाने ऑस्ट्रेलियातून यायचा, वितळवून झालेले ठोकळे बाहेर जायचे, कारखाना वीज भरमसाट खायचा आणि थेट नोकऱ्या हजाराच्या आसपासच. म्हणजे देशाच्या निर्यातीत ढीगभर वाटा आणि रोजगारात चिमूटभर. हे लक्षात आल्यावर मग जागतिक बँक गटातल्या आयएफसीबरोबर मिळून लहान स्थानिक कंत्राटदारांना तयार करायचा कार्यक्रम काढला गेला, त्यांना टेंडर कसं भरायचं, सुरक्षेचे नियम, हिशेब, दर्जा हे शिकवलं, मोठी कंत्राटं मुद्दाम लहान तुकड्यांत पाडली म्हणजे त्यांनाही भरता येतील. हे तुकडे पाडणं मला फार मोलाचं वाटतं, कारण नियम स्थानिकांना प्राधान्य देणारा असला तरी कंत्राटच इतकं मोठं असतं की गावातला फॅब्रिकेशनवाला त्यात बसूच शकत नाही.

आता मोरोक्को. टँजरजवळ रेनॉचा कारखाना फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधी, २००७ मध्ये, टँजर मेड बंदर चालू झालेलं होतं, कारखान्यापासून बंदरापर्यंत रेल्वे नेली, मोटार उद्योगासाठी प्रशिक्षण संस्था काढल्या, जमीन आणि करसवलत दिली. मग भोवती सप्लायर आले, वायरिंगचे, सीटचे, काचांचे, आणि २०१९ मध्ये केनित्राला प्यूजो-सिट्रोएनचाही कारखाना आला. गाडीतल्या भागांपैकी निम्म्याहून बराच जास्त वाटा आता देशात होतो असं तिथलं सरकार आणि कंपनी दोघं सांगतात, आणि गेल्या दशकात मोटारींच्या निर्यातीने फॉस्फेटलाही मागे टाकलं. हे सगळं पोकळीत झालेलं नाही. बंदर, रेल्वे, प्रशिक्षण हे सरकारने आधी केलं, आणि खासगी कंपनीने त्यावर धंदा उभा केला. "सरकार बाजूला व्हा, खासगीला करू द्या" म्हणणाऱ्यांनी टँजर एकदा नीट बघावं, आणि "खासगी म्हणजे लूट" म्हणणाऱ्यांनीही बघावं. करसवलतीपायी सरकारने किती महसूल सोडला हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा, पण निदान बदल्यात काय मिळालं ते तिथे डोळ्यांना दिसतं.

कोकोला हाच निकष लावा. बिया पोत्यात भरून बाहेर पाठवणं वेगळं आणि आबीजानमध्ये त्या दळून कोकोचा लगदा (त्याला लिकर म्हणतात, दारूशी संबंध नाही), बटर, पावडर करून पाठवणं वेगळं. आयव्हरी कोस्ट आता दळणात जगातल्या मोठ्या देशांत आहे. पण दळण यंत्रावरचं काम आहे आणि बऱ्याच गिरण्या परदेशी कंपन्यांच्या, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते स्वतंत्र तपासावं लागतं. घाना आणि आयव्हरी कोस्टने २०१९ मध्ये टनामागे ४०० डॉलर जादा घ्यायचं ठरवलं ते याचसाठी.

त्याच्या मागून दुसरा येऊ शकतो का

पहिली कंपनी आली हे चांगलंच. पण दुसरी, तिसरी येऊ शकली तरच लोकांना स्वस्त मिळतं. मोबाइलची गोष्ट बघा. २००१ च्या आधी नायजेरियात सरकारी टेलिफोनच्या जेमतेम चार-पाच लाख लाइन होत्या आणि लोकसंख्या बारा कोटींच्या वर. जानेवारी २००१ मध्ये उघड लिलाव झाला, लायसन्स २८.५ कोटी डॉलरला गेली, एमटीएन आणि इकोनेट आले. सुरुवातीला सिमकार्ड घेणंच चैन होती, आणि बिल मिनिटावर, म्हणजे दहा सेकंद बोललात तरी मिनिटाचे पैसे. लोक ओरडत होते, कंपन्या सांगत होत्या की सेकंदाचं बिलिंग इतक्यात जमणार नाही. मग ऑगस्ट २००३ मध्ये ग्लो ही नायजेरियन कंपनी उतरली आणि पहिल्या दिवसापासून सेकंदावर बिल लावलं. थोड्याच काळात बाकीच्यांनाही ते जमायला लागलं! स्पर्धा म्हणजे काय ते याहून स्वच्छ मला दुसरीकडे सापडलेलं नाही. (त्यातलं इकोनेट नायजेरिया एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जात आज एअरटेल झालंय.)

झिम्बाब्वेत तर इकोनेटचे संस्थापक स्ट्राइव्ह मासियिवा यांना सरकारी मक्तेदारीविरुद्ध अनेक वर्षं कोर्टात भांडावं लागलं तेव्हा कुठे १९९८ मध्ये इकोनेटचं नेटवर्क चालू झालं. आणि सुदानमध्ये जन्मलेल्या मो इब्राहिम यांनी १९९८ मध्ये काढलेली सेलटेल ही मोबाइल कंपनी लाच द्यायची नाही असं ठरवून डझनभर देशांत वाढली आणि २००५ मध्ये ३.४ अब्ज डॉलरला विकली गेली. तेव्हा "तिथे चिरीमिरीशिवाय काहीच होत नाही" हे सरसकट वाक्य खरं नाही. उलट्या बाजूची उदाहरणंही आहेत, खाणी आणि कच्च्या मालाच्या व्यापारातली बडी कंपनी ग्लेनकोर हिने २०२२ मध्ये अनेक आफ्रिकी देशांत लाच दिल्याचं कोर्टात कबूल केलं, तेही लक्षात ठेवायचं.

सिमेंट मात्र वेगळी कहाणी सांगतं. नायजेरियाने २००२ मध्ये धोरण आणलं की आयात परवाना त्यालाच जो देशात कारखाना काढेल. त्यातून डांगोटेंचा कोगी राज्यातला ओबाजानाचा अवाढव्य कारखाना उभा राहिला, आयात बंद झाली, निर्यातही सुरू झाली. धोरण यशस्वी. पण बाजारात दोन-तीनच मोठे खेळाडू उरले आणि गोणीचा भाव हा तिथल्या घर बांधणाऱ्याचा कायमचा संताप आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहून ठेवायच्या. तुमच्या बातमीतल्या धंद्यात किती कंपन्या आहेत, परवाना लिलावाने मिळतो की मंत्र्याच्या सहीने, आणि त्या देशात स्पर्धा आयोग आहे का, एवढं शोधलंत तरी पुष्कळ.

नुकसान झालं तर पैसे कोण भरणार

वीज, रस्ते, बंदरं यांच्या प्रकल्पात हा प्रश्न सोडू नका. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा प्रकल्प आहे, ३१० मेगावॅटचा, खासगी पैशातून. वारा जबरदस्त, वीज स्वस्त, सगळं चांगलं. पण तिथून सुस्वापर्यंत चारशे किलोमीटरहून लांब लाइन टाकायची जबाबदारी सरकारी कंपनीची होती, तिचा स्पॅनिश ठेकेदार मधेच दिवाळखोरीत गेला. पवनचक्क्या २०१७ मध्ये तयार, लाइन सप्टेंबर २०१८ मध्ये जोडली. मधल्या काळात चक्क्या उभ्या होत्या आणि करारात तरतूद होती की लाइनला उशीर झाला तर भरपाई सरकारने द्यायची, म्हणजे शेवटी ती सामान्य केनियन माणसाच्या खिशातून. जागतिक बँक तर वीज घेतली नाही तरी पैसे द्यावे लागतील ही भीती सांगून २०१२ मध्येच या प्रकल्पातून बाजूला झाली होती.

आणि जमीन. दीड लाख एकर जमिनीच्या कागदांवरून तिथल्या गुराखी समाजातले लोक कोर्टात गेले, २०२१ मध्ये मेरूच्या कोर्टाने ते कागद नियमाप्रमाणे झालेले नाहीत असा निकाल दिला. त्याच प्रकल्पाने दोनशे किलोमीटरचा रस्ता सुधारला हेही खरं, आणि ज्या भागात ट्रक पोचायला दिवस लागायचे तिथे रस्त्याची किंमत काय असते हे वेगळं सांगायला नको. कंपनी वाईट होती असं माझं म्हणणं नाही. करार करताना सरकारने स्वतःच्या अंगावर असं काम घेतलं ज्याची खात्री त्याच्याकडे नव्हती, आणि हे करार सहसा गुप्त असतात म्हणून संसदेत आधी कोणी विचारूच शकत नाही. त्यामुळे बातमीत "सरकारी हमी", "वीज खरेदी करार", "किमान महसुलाची हमी" हे शब्द दिसले की तिथे थांबा आणि खोलात वाचा.

माल घेणार कोण

कारखाना बांधला की झालं असं नसतं. कोविडमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅस्पेन कंपनीकडे गबेर्हा इथे लस बाटल्यांत भरायचा उत्तम प्लांट होता, २०२२ मध्ये आफ्रिकेसाठी स्वतःच्या नावाने लस विकायचं लायसन्सही मिळालं, सगळ्या खंडाने टाळ्या वाजवल्या, आणि ऑर्डर एकही आली नाही. तोवर बाहेरच्या देशांतून देणगीच्या लसी यायला लागल्या होत्या आणि मोठी खरेदी करणाऱ्या संस्था दुसरीकडूनच घेत होत्या. वर्षभर आधी ज्या लसीसाठी हा खंड रांगेत सगळ्यात मागे उभा होता ती लस घरात बनू शकत असताना लाइन बंद पडायची वेळ आली, हे वाचून आजही जीव तुटतो. पुढे गरीब देशांना लसी मिळवून देणाऱ्या 'गावी' (Gavi) या जागतिक संस्थेने २०२४ मध्ये आफ्रिकेत लस बनवणाऱ्यांसाठी दहा वर्षांत १.२ अब्ज डॉलरपर्यंतची योजना काढली ती याच धड्यातून.

एचआयव्हीच्या औषधांचं उलट झालं. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा ब्रँडेड औषधांचा खर्च दहा हजारांच्या वर होता. किंमत कोसळली हे एक, पण लाखो लोकांपर्यंत औषध पोचलं ते ग्लोबल फंड आणि अमेरिकेच्या पेपफार योजनेसारखे पैसे देणारे उभे राहिले म्हणून. नंतर युगांडात कंपालाजवळ लुझिराला ही औषधं बनवायचा कारखानाही निघाला. स्वस्त बनवणारा आणि खात्रीने विकत घेणारा, दोघं भेटले तेव्हा माणसं वाचली.

गिऱ्हाईक एकच आणि लांबचं असेल तर धोका किती हे इथिओपियात दिसलं. हवासाचं औद्योगिक पार्क २०१६ मध्ये सुरू झालं, कपडे अमेरिकेला जायचे, आफ्रिकी देशांना सवलत देणाऱ्या तिथल्या अगोआ कायद्याखाली बिनशुल्क. देशाच्या उत्तरेला टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने ती सवलत काढली, आणि पार्कमधली मुख्य कंपनी पीव्हीएच आदल्या नोव्हेंबरमध्येच कारखाना बंद करून गेली. शिवणकामाला बसलेल्या बहुतेक आसपासच्या गावांतून आलेल्या तरुण मुली होत्या, पगार आधीच तुटपुंजा, युद्धाशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

म्हणूनच आफ्रिकेतल्या देशांनी आपापसात विकणं वाढवणं इतकं गरजेचं आहे. त्यांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या १५ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. खंडव्यापी मुक्त व्यापार करार किगालीत मार्च २०१८ मध्ये सह्या होऊन, १ जानेवारी २०२१ पासून कागदावर सुरू झालाय, एरिट्रिया सोडून सगळ्यांनी सही केलीय, पण सीमेवर ट्रक तासन्‌तास उभे राहतात आणि घानाच्या व्यापाऱ्याने केनियाच्या व्यापाऱ्याला पैसे द्यायचे तर मधे डॉलर लागतो. स्वतःच्या चलनात पैसे देता यावेत म्हणून २०२२ मध्ये पॅप्स नावाची यंत्रणा सुरू केलीय, तिच्याकडे लक्ष ठेवा. माझ्या मते येत्या काळात मोठ्या घोषणांपेक्षा ही कंटाळवाणी दिसणारी कामं जास्त फरक पाडतील.

लहान माणसापर्यंत पोचतं का

इथे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, घ्यावाच लागतो. मार्च २००७ मध्ये केनियात सफारीकॉमने सुरू केला. मूळ विचार होता छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरायचा, ब्रिटिश सरकारच्या निधीची सुरुवातीला मदत होती, पण चाचणीत लोक एकमेकांना पैसे पाठवायलाच ते वापरायला लागले आणि कंपनीने शहाणपणाने तेच धरलं. केनियाच्या सेंट्रल बँकेने आधी बंदी घालून बसण्यापेक्षा लक्ष ठेवून चालू द्यायचं ठरवलं, ग्राहकांचे पैसे वेगळ्या ट्रस्टच्या खात्यात ठेवायला लावले. आणि गावोगावच्या दुकानदारांना एजंट केलं. साबण-साखर विकणारा माणूस रोख घेतो, मोबाइलमध्ये जमा करतो, कमिशन मिळवतो. नैरोबीत काम करणारा मुलगा रात्री गावाकडे पैसे पाठवतो आणि आई सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून काढते, पूर्वी हेच पैसे बस ड्रायव्हरच्या हाती पाकिटात जायचे. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं की यामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे केनियातली २ टक्के, अतिगरिबीतून वर आली, आणि बाईच्या हाती संसार असलेल्या घरांना फायदा जास्त झाला.

पण त्याच मोबाइलवर पुढे दोन मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप आली, व्याज अवाच्या सवा, हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन. २०२२ मध्ये सेंट्रल बँकेला अशा कर्जवाल्यांसाठी परवान्याचे नियम काढावे लागले. म्हणजे एकदा तपासून "चांगलं" असा शिक्का मारून मोकळं होता येत नाही.

कर भरते का, नफा कुठे दाखवते

थोडक्यात सांगतो. खाण कंपनी आपला माल स्वतःच्याच, कमी कर असलेल्या देशातल्या उपकंपनीला स्वस्तात विकते, ती उपकंपनी पुढे बाजारभावाने विकते, नफा तिकडे दिसतो आणि खाण असलेल्या देशात कर चिल्लर भरला जातो. दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या समितीने २०१५ मध्ये असा बेकायदा मार्गाने बाहेर जाणारा पैसा वर्षाला निदान ५० अब्ज डॉलर धरला, अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेने २०२० मध्ये ८८.६ अब्ज. यात सगळं कंपन्यांचंच असतं असं नाही पण मोठा हिस्सा व्यापाराच्या खोट्या किमतींचा आहे. त्यासमोर बोट्सवाना ठेवा, डेबस्वाना या सरकार आणि डी बिअर्स यांच्या भागीदारीतल्या हिरे कंपनीत सरकारचा वाटा आधी लहान होता, सत्तरच्या दशकात भांडून तो ५० टक्के केला, २०१३ मध्ये डी बिअर्सला कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून राजधानी गाबोरोनला आणायला लावली, त्या पैशातून शाळा-दवाखाने झाले. एकाच वस्तूवर टेकलेलं असल्यामुळे हिऱ्याची मागणी पडल्यावर २०२४ मध्ये अर्थव्यवस्था आकसली, हा भाग मात्र त्यांना अजून सोडवायचाय.

कागद कुठे मिळतात

खाण-तेलासाठी ईआयटीआय या पैशाच्या व्यवहारात पारदर्शकता आणू पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे देशवार अहवाल, त्यात कंपनीने काय दिलं आणि सरकारला काय मिळालं ते समोरासमोर असतं. आयएफसीने पैसा घातला असेल तर त्यांच्या साइटवर प्रकल्पाची पर्यावरण आणि सामाजिक माहिती टाकलेली असते. कंपनी नैरोबी, लागोस किंवा जोहान्सबर्गच्या शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल फुकट मिळतो, त्यात कर, कर्जाचं चलन आणि संबंधित कंपन्यांशी व्यवहार ही तीन पानं आधी उघडा. धंदा करणाऱ्यांना वीज किती वेळा जाते, लाच किती मागितली जाते हे जागतिक बँकेच्या एंटरप्राइज सर्व्हेमध्ये देशवार सापडतं. जागतिक बँकेची "व्यवसाय सुलभता" क्रमवारी कोणी तोंडावर फेकली तर सांगा की आकड्यांत फेरफार आढळल्यावर ती २०२१ मध्ये बंदच केली गेली.

आणि त्या देशातले पेपर वाचा, केनियाचा बिझनेस डेली, नायजेरियाचा बिझनेसडे, घानाचा ग्राफिक. कंपनीची बाजू कंपनीच्या साइटवर मिळतेच, पण पाणी गढूळ झालं, कंत्राटी कामगारांचे पगार थकले, नाहीतर गावात पहिल्यांदा आयटीआयसारखी संस्था निघाली, हे तिथल्याच पेपरात आणि युनियनच्या पत्रकात येतं. नोंद केलेल्या प्रत्येक प्रकल्पापुढे तारीख घाला आणि तीन वर्षांनी परत उघडा, सप्लायर वाढलेत का, दुसरी कंपनी आलीय का, कर सवलतीची मुदत संपल्यावर कारखाना तिथेच आहे का ते बघा.